जेऊरची गाडी

“याकोब!”

साहेब इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा बांगडीवाला दचकला. सोलापुरात गड्ड्याची जत्रा भरली होती. मी सतरंजीवर शुभवर्तमानाच्या पुस्तिका मांडत होते. मान वर केली तोवर साहेब उठून निघालेसुद्धा. सत्तरीचा माणूस, पण कोपरांनी गर्दी सारत गेला आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या एका माणसाला त्यानं मिठी मारली.

त्या माणसाच्या कपाळाला विभूती होती. सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन ती मंडळी बाहेर पडत होती. त्याची बायको होती, बरोबरीचे दोन शिक्षक होते आणि काळ्या टोपीतले हेडमास्तर होते.

“नामदेवराव, हे कोण?” हेडमास्तरांनी विचारलं.

“माहीत नाही सर. यांची काहीतरी चूक होतीय.”

“चूक?” साहेब हसले. त्यांना खरोखरच गंमत वाटली. “अरे, तुझ्या डोक्यावर मी या हातानं पाणी घातलंय. जेऊरच्या पुढच्या वस्तीत. तुझी आई मार्था, बाप एलीया. विहिरीची पायरी उतरताना भोकाड पसरलं होतंस, आठवत नाही?” मग ते हेडमास्तरांकडं वळले. “माझा याकोब आहे हो हा. खोटं वाटत असेल तर बघा, उजव्या कानामागं डाग आहे.” आणि त्यांनी त्याचा कान धरून पुढं वाकवला.

डाग होता. काळा, चिंचोक्याएवढा.

हेडमास्तरांनी वाकून बघितला. मग दोन्ही शिक्षकांनी बघितला. बायकोनं पदर तोंडाला लावला. नामदेव कान साहेबांच्या हातात देऊन तसाच उभा राहिला. तो स्वतः मास्तर होता, पण त्या वेळी पाढा चुकलेल्या पोरासारखा दिसत होता.

“डाग आहे खरा,” हेडमास्तर म्हणाले आणि चालू लागले.

साहेब सतरंजीवर परत आले ते खुशीत. “बघितलंत का, सोनाबाई? माझं पीक. एवढ्या गर्दीत ओळखलं की नाही?”

मी म्हटलं, “साहेब, तुम्ही त्याची भाकरी घालवलीत.”

त्यांना ते कळलं नाही. ते संध्याकाळपर्यंत लोकांना पुस्तिका देत बसले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. नामदेव सवलतीच्या जागेवर मास्तर झाला होता. ती सवलत त्याच्या जातीला होती, पण हिंदू लिहिलं तरच. ख्रिस्ती लिहिलं की गेली. माणूस तोच, गावाबाहेरची वस्ती तीच, गावातले लोक त्याला विहिरीवर चढू देत नव्हते तेही तसंच. पण सवलत गेली. म्हणून त्या वस्तीतल्या लोकांनी एकेक करून जुनी नावं परत घेतली. साहेबांना कुणी कळवलं नाही. कळवून साहेब काय करणार होते?

साहेब म्हणजे पाळक शमुवेल वाघचौरे. ते मिशनच्या आवारात आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे. आमचे मालक गिरणीत होते, मी मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला होते. मी त्याच बोर्डिंगात वाढले. आईबाप पटकीत गेले, मिशननं मला उचलून आणलं, चौथीपर्यंत शिकवलं आणि पुढं चुलीपुढं बसवलं. माझं माहेर म्हणजे ते बोर्डिंग. पाळकीणबाई वारल्यावर साहेब आमच्याकडं जेवायचे. जेवायला त्रासाचे नव्हते. शेंगाचटणी असली की आमटीचं नाव काढायचे नाहीत.

सकाळी नळावर बादली लावली की साहेब नावं म्हणायला लागायचे. वस्तीच्या पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत, ओळीनं. “एलीया, मार्था, याकोब. लाजर, सारा, रिबका. गिदोन, हन्ना, थोरली रूथ, धाकटी रूथ.” अशी सगळी वस्ती. बादली भरून वाहायला लागायची तरी वस्ती संपायची नाही. मागं बायका घागरी घेऊन खोळंबायच्या. एखादी म्हणायची, “साहेब, तुमचं गाव लई मोठं हाय, आमची घागर तेवढी भरू द्या.” साहेब बाजूला होऊन उरलेली नावं म्हणायचे.

त्या वस्तीची बाप्तिस्म्याची वही वाळवीनं खाल्ली होती. म्हणून साहेबांनी नावं पाठ ठेवली होती. “मी मेलो की ती नावं मेली,” असं म्हणायचे. आवारातल्या पोरींनी ऐकून ऐकून ती उचलली होती. दोरीवरच्या उड्या त्या याच नावांवर मारायच्या. धाकट्या रूथला दोरी पायात अडकली की आऊट.

स्वातंत्र्याच्या आधी कधीतरी साहेबांनी ती सगळी वस्ती एका सकाळी बाप्तिस्म्याला आणली होती. तिथं येण्याआधी ते बैलगाडीनं आणि पायी दोन-तीन वर्षं हिंडत होते. मार खाल्ला होता, एकदा कुत्रं चावलं होतं. नंतर त्यांनी कितीक गावं केली, शाळा चालवली, दवाखान्यात काम केलं. त्यातलं ते काही सांगायचे नाहीत. सांगायचे ते जेऊरचं.

उपदेश कुठल्याही उताऱ्यावर असो, तो जेऊरला जायचाच. नोहाचं तारू असो की गालीलाचा समुद्र असो. मंडळीतले गिरणीवाले पुरुष शेवटच्या बाकावर बसायचे. साहेब जरा रंगात आले की एक जण हळूच म्हणायचा, “मोहोळ गेलं.” थोड्या वेळानं दुसरा म्हणायचा, “कुर्डुवाडी. चहा घ्यायचा असंल तर घ्या.” आणि साहेब “मला आठवतं, जेऊरच्या पुढं...” म्हणाले की सगळे पाय लांब करून बसायचे. “उतरा, आलं.” याला सगळे जेऊरची गाडी म्हणायचे. एकदा साहेबांनी विचारलं, “योनाला त्या माशानं कुठं नेऊन टाकलं?” मागून कुणीतरी म्हणालं, “जेऊरला.” सगळी मंडळी हसली. साहेबही हसले, आणि लगेच म्हणाले, “बरं आठवलं.”

त्यांचा एक दौऱ्याचा डबा होता. पत्र्याचा, झाकणाला तार लावलेला. दौरे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दर सोमवारी मी त्यात कडक भाकरी भरायची. कधी बोलावणं आलं तर निघता यावं म्हणून. बोलावणं यायचं नाही. पुढच्या सोमवारी जुन्या भाकरी आमटीत मोडून खायच्या आणि नव्या भरायच्या. मी म्हणायची, “साहेब, कुणी बोलावत नाही आता.” ते म्हणायचे, “बी पेरलंय, सोनाबाई. पीक मालकाला बोलावतंच.”

दुष्काळ पडला त्या साली ते बोलावणं न येताच निघाले. वस्तीचं काय झालं असेल, हेच सारखं. एकटे जाण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून मी बरोबर गेले. जेऊरला उतरून ऊन झेलत चाललो. वाटेत झाडाला पान नव्हतं.

वस्तीत माणूस नव्हतं. मिशननं खणून दिलेली विहीर आटली होती, तळाला एक फुटकं घमेलं पडलं होतं. प्रार्थनाघर होतं, पण त्यात दुष्काळी कामाच्या मुकादमानं टिकाव आणि पाट्या ठेवल्या होत्या. साहेबांनी दारातून आत बघितलं. म्हणाले, “पत्रे चांगले राहिलेत.”

माणसं रस्त्याच्या कामावर होती. बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. साहेब दिसले तशा काही जणींनी पदर पुढं ओढले. एक म्हातारी तेवढी हातोडी ठेवून उठली.

“मार्था!” साहेबांनी हाक मारली.

ती झटकन जवळ आली. साहेबांच्या पाया पडली आणि खालूनच म्हणाली, “साहेब, पानी देती, प्या. पन हितं नाव घिऊ नका. हितं मी गजराबाई हाय.”

“नाव बदललंस?”

“बदाललं न्हाय की. पयलंच हुतं. मधी तुमी बदाललं हुतं.”

साहेबांनी विचारलं, “आणि प्रार्थना?”

“भाकरी खायच्या आदी डोळं मिटती. बायकांस्नी वाटतं म्हातारी दमली. तेवढं हाय बगा.” तिनं तांब्या दिला. पाणी गढूळ होतं. “नामदेव मास्तर झाला. सवलतीतनं लागलाय. बायको हाय, दोन लेकरं हाईत, त्येच्यावरच घर हाय. रानात तर काय न्हाय. तुमी कुटं बोलू नका, साहेब. तुमचं तोंड लई चांगलं हाय, पन तेवढं मिटून ठेवा.”

मग तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. डब्यातल्या भाकरी मी तिच्या पदरात घातल्या, त्या तिनं ओळीतल्या बायकांना वाटल्या.

परतीच्या गाडीत साहेब खिडकीशी बसले. “मार्था अजून प्रार्थना करते,” म्हणाले. “पीक उभं आहे.”

“ती आणखी काहीतरी म्हणाली.”

“काय?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पण ते त्यांच्या कानात गेलं नाही, मला दिसलं. पुढच्या रविवारी उपदेशात त्यांनी मार्थाची प्रार्थना सांगितली. मागच्या बाकावर एक जण म्हणाला, “पाऊस न्हाय, पानी न्हाय, पन गाडी टायमात.”

त्यानंतरच्या गड्ड्यात ते कानाचं झालं.

थोड्या दिवसांनी नामदेव आवारात आला. कपाळ कोरं होतं. साहेब त्याला मिठी मारायला उठले, तो दारातच थांबला.

“अर्ज गेलाय माझ्याविरुद्ध,” तो म्हणाला. “नाव न घालता. नोकरी जाईल आणि खटलाही होईल. चौकशीवाले तुमच्याकडं येणार आहेत. वही नाही हे त्यांना कळलंय. आता तुम्ही म्हणाल तेच खरं.”

“मग मी खरंच सांगेन. देव सांभाळेल.”

“मला नव्हतं सांभाळलं, साहेब. मला आईनं सांभाळलं.” इतका वेळ तो शाळेतलं बोलत होता, आता त्याची भाषा सुटली. “तुमी दिलेलं नाव लई चांगलं हाय. म्या टाकलं न्हाय. पन त्या नावाला कुनी भाकरी देत न्हाय. तुमी मला इसरा.”

“विसरू? तुला?” साहेब म्हणाले. “अरे, मी आयुष्यात दुसरं केलंय काय?”

“त्येच म्हनतोय. तुमी क्येलं. आमी न्हाय का काय क्येलं?”

तो चहा न घेता गेला.

साहेब त्या दिवशी जेवले नाहीत. ताट झाकून मी दाराशी बसले. म्हणाले, “सोनाबाई, पेत्रानं प्रभूला नाकारलं. मी ते शंभर वेळा वाचून दाखवलं असेल. तेच मी करू?”

मी म्हटलं, “तुम्हाला कुणी प्रभूला नाकारायला सांगितलेलं नाही. नामदेवला नाकारायचंय.”

“तेच ते.”

“तेच कसं? नामदेव काय प्रभू आहे का? तुम्ही करून ठेवलाय.” मला राग आला होता. “रोज म्हणता बी देवाचं, पाऊस देवाचा. मग पीक तेवढं तुमचं कसं?”

ताट तसंच राहिलं, सकाळी कुत्र्याला घातलं.

चौकशीवाले दोघे होते. दुपारी आले. आमचे नवे पाळक त्यांना घेऊन आले होते. तरुण होते, स्कूटर चालवायचे, मनानं वाईट नव्हते. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या मागं नामदेव दारात उभा राहिला. मी चहा आणला आणि बशा देत तिथंच थांबले.

मोठ्या अधिकाऱ्यानं विचारलं, “तुम्ही यांना ओळखता?”

साहेबांनी नामदेवकडं नीट बघितलं. “नाही.”

“गड्ड्यात तुम्ही यांना मिठी मारलीत. याकोब म्हणालात.”

“म्हणालो असेन. आता सगळी माणसं सारखी दिसतात.”

“कानामागचा डाग दाखवलात म्हणे.”

“डाग कुणाच्याही कानामागं असतो. मी या माणसाला ओळखत नाही.”

एवढ्यावर झालं असतं. पण नव्या पाळकांना राहवलं नाही. ते म्हणाले, “पण साहेब, जेऊरचा याकोब... रोज नळावर नावं म्हणता ना तुम्ही? दर उपदेशात सांगता. सगळ्या मंडळीला पाठ आहे.”

अधिकाऱ्यानं बशी खाली ठेवली. “कसली नावं?”

साहेब जरा वेळ हातांकडं बघत बसले. मग म्हणाले, “ते मनातलं आहे.”

“म्हणजे?”

“जेऊरला तसं काही झालं नव्हतं. मी हिंडायचो. लोक ऐकायचे, पाणी द्यायचे, आपापल्या घरी जायचे. बायकोला बरं वाटावं म्हणून एकदा सांगितलं, सगळी वस्ती आली म्हणून. ती खूश झाली. मग लोकांना सांगितलं. नावं मीच ठेवली, बायबलातनं. सवय लागली.” ते नव्या पाळकांकडं बघून म्हणाले, “म्हाताऱ्याच्या बाता हो. तुम्ही मनावर घेतलं?”

नव्या पाळकांचा चेहरा उतरला. धाकटा चौकशीवाला हसला. मोठा हसला नाही. त्यानं मला विचारलं, “बाई, तुम्ही शेजारी राहता. खरं काय?”

“डोकं फिरलंय त्यांचं,” मी म्हटलं. “मलासुद्धा रिबका म्हणतात.”

मग मोठाही हसला. कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते उठले.

नामदेव सगळ्यांत मागं राहिला. पाया पडायला वाकत होता, तेवढ्यात साहेब म्हणाले, “निघा, मास्तर. गाडी चुकेल.”

पेत्राची गोष्ट ज्यांना माहीत आहे ते विचारतील म्हणून सांगते. पेत्रानं तिसऱ्यांदा नाकारल्यावर कोंबडा आरवला होता. इथं आरवला नाही. आवारात कोंबडे होते, पण दुपारची वेळ, सगळे उकिरड्यावर होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नळावर बादली लावली आणि भरेपर्यंत उभे राहिले. एक बाई म्हणाली, “साहेब, आज गाव कुटं गेलं?” ते म्हणाले, “विसरलो.” बादली उचलून आत गेले. सोमवारी मी डबा मागितला तर म्हणाले, “नका भरू. तुमच्याकडंच ठेवा, तिखट-मीठ ठेवायला होईल.”

नव्या पाळकांनी मुद्दाम कुणाला सांगितलं नाही. पण असं काही राहत नाही. चार दिवसांत सगळ्या आवाराला कळलं की जेऊर खोटं होतं. मागच्या बाकावरचे गिरणीवाले दाराशी आले. त्यातला एक जण सगळ्यांत जास्त टवाळी करायचा. तोच सगळ्यांत चिडला होता.

“काहीच न्हवतं म्हनं?”

“नव्हतं.”

“येवडी वर्सं आमी आयकलं की, साहेब. पोराबाळांस्नी सांगितलं.”

“ऐकलंत खरं.”

“हसायचो, पन आमाला वाटायचं, आपल्यात बी कुनीतरी कायतरी क्येलंय.” तो थांबला. साहेब काही बोलतील असं त्याला वाटलं असणार. मग तो निघून गेला. त्यानंतर त्यानं साहेबांना सलाम केला नाही. बाकीचे करायचे, पण उठून उभे राहायचे नाहीत. साहेबांना पुन्हा कधी उपदेश करायला बोलावलं नाही.

ते रविवारी मिशनच्या देवळात यायचे. मागच्या बाकावर, त्याच लोकांच्या शेजारी बसायचे. प्रभुभोजनाची थाळी आली की न घेता पुढं सरकवायचे. एकदा मी घरी आल्यावर विचारलं, “का घेत नाही?”

“खोटं बोललोय ना. ते जेवण आता माझं नाही.”

“मीही बोलले. मी घेते.”

“तुम्ही घ्या,” म्हणाले. मला त्याचं तेव्हाही काही वाटलं नाही, आताही वाटत नाही. त्यांना वाटायचं. त्यांची गोष्ट वेगळी होती, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना खरं बोला म्हणून सांगितलं होतं.

नामदेवची नोकरी राहिली. हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्याकडून कळलं. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “कोण नामदेव?” मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते शेंगा सोलत होते. तेवढंच.

घरात बसवेना म्हणून दवाखान्यात जाऊन बसायला लागले. पूर्वी गेले की खाटाखाटांवर प्रार्थना करायचे आणि जेऊर सांगायचे. आता नुसते बसायचे. विणकरांच्या वस्तीतली एक बाई होती, मागात हात सापडलेली. तिला तेलुगूशिवाय काही येत नव्हतं आणि साहेबांना तेलुगूचा शब्द येत नव्हता. ते तिला पुठ्ठ्यानं वारा घालत बसायचे. तिच्या नवऱ्यानं मला तोडक्या मराठीत विचारलं, “हा म्हातारा कोण?” मी म्हटलं, “आमच्या शेजारी राहतो.” दुसरं काय सांगणार? पाळक म्हटलं असतं तर त्यानं उठवलं असतं. ती बरी होऊन घरी गेली. मग ते दुसऱ्या खाटेशी बसले. तिचं नाव काय होतं ते त्यांनी विचारलं नाही. त्याआधी त्यांनी नाव न विचारलेला माणूस मी बघितला नव्हता.

नंतर त्याच दवाखान्यात त्यांनाच खाट मिळाली. पोटाचं होतं. अंगात काही राहिलं नव्हतं. मी पेज घेऊन जायची, दोन चमचे घ्यायचे.

एके सकाळी मी पेज भरवत होते तेव्हा नामदेव आला, आईला घेऊन. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. नर्स बाटली बदलत होती. शेजारच्या खाटांवर माणसं होती. नामदेव पायाशी उभा राहिला. केस कानांवर वाढवले होते. म्हातारी उशाशी गेली आणि वाकली.

“साहेब, वळखलं का?”

साहेबांनी डोळे उघडले. तिच्याकडं बघितलं, नामदेवकडं बघितलं, नर्सकडं बघितलं.

“नाही बाई,” म्हणाले. “कोण?”

नामदेव तोंड फिरवून खिडकीकडं गेला. म्हातारी हलली नाही. तिनं त्यांचा हात आपल्या हातात घेतला. खडी फोडून तिचे हात लाकडासारखे झाले होते.

“भाकरी खाल्ली का?” साहेबांनी विचारलं.

“खाल्ली की.”

“डोळे मिटून?”

म्हातारीनं मान हलवली. नर्स म्हणाली, “बोलू नका आजोबा, सुई हलेल.” साहेब थांबले. नर्स पुढच्या खाटेकडं गेली. तरी ते हळूच बोलले.

“नाव काय तुमचं, बाई?”

“गजरा.”

त्यांनी ते एकदा पुटपुटून बघितलं, नळावर म्हणायचे तसं. “चांगलं नाव आहे,” म्हणाले, आणि डोळे मिटले.

ते खरोखर विसरले होते की नव्हते, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले होते की शेवटी माणसाला भान राहत नाही. पेज राहिली होती, ती म्हातारीला दिली. तिनं डोळे मिटून घेतली.

त्याच आठवड्यात ते गेले. पुरताना नवे पाळक चांगलं बोलले. साहेबांनी जिल्ह्यात पुष्कळ वर्षं सेवा केली, असं म्हणाले. कुठं केली ते म्हणाले नाहीत. त्यांनाही अवघड होतं. नामदेव भिंतीच्या बाहेर उभा होता. माती लोटून झाल्यावर गेला.

गजराबाई पुढं चार-पाच वर्षांत गेली. नामदेव हेडमास्तर होऊन निवृत्त झाला, पेन्शन खाल्ली, तोही गेला. नोकरी जायची ती आता कुणाचीच नाही. म्हणून हे लिहिलं.

जेऊरच्या पुढच्या वस्तीत, मिशनच्या विहिरीच्या पायरीवर, सगळ्या वस्तीचा बाप्तिस्मा एका सकाळी झाला होता. थंडीचे दिवस होते. आधी एलीयाचं घर उतरलं, मग लाजराचं. लाजर आणि सारा पटकीत गेले. त्यांच्या मुलीला मिशननं सोलापूरला बोर्डिंगात आणलं. लग्नात सासऱ्यांनी तिचं नाव बदलून सोनाबाई ठेवलं. रिबका ती मीच.